पलंगाची कळ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वर जाण्याची भीती घालून उपयोग नसतो. जन्मभर तो वर-खालीच करत असतो आणि मधे अडकलेल्यांना बाहेर काढत असतो. त्यामुळे मिस्त्रींना साथीचा ताप आला, खोकला छातीत उतरला आणि श्वास मोजूनमापून यायला लागला, तेव्हा घाबरले ते बाकीचे. मिस्त्री स्वतः रुग्णवाहिकेत चढताना म्हणाले ते एवढंच, की मागच्या दाराची बिजागरी तेल मागतेय.

एवढंच म्हणजे त्यांच्या मानाने भाषणच झालं. मिस्त्रींचे शब्द त्यांच्या हत्यारांच्या पिशवीसारखे होते: मोजके, जुने आणि दुसऱ्याने हात लावलेला न खपणारे. सगळी दुनिया बटणाला बटण म्हणते, मिस्त्री कळ म्हणत. वस्तादाने तसं शिकवलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. लिफ्टची कळ, दिव्याची कळ, पंख्याची कळ. शर्टाच्या बटणाला तेवढं बटण म्हणत, तेही नाइलाजाने. घरी आलेला पाहुणा "कळ कुठेय?" हे ऐकून दचकायचा. त्याला वाटायचं, यजमानांच्या पोटात दुखतंय आणि जागा सापडत नाहीये.

घरात माणसं दोन, मिस्त्री आणि त्यांची बायको. मिस्त्रींचा धाकटा भाऊ पलीकडच्या गल्लीत राहायचा आणि लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. तो तिला वहिनी म्हणे, त्याचं ऐकून सगळी इमारत वहिनी म्हणायला लागली, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनी त्याला भाऊजी म्हणत. तेही सगळ्या इमारतीने उचललं असतं, पण भाऊजींना इमारतीत तितका मान नव्हता.

वहिनी बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर नोकरीला होत्या. ही त्यांची पगाराची नोकरी. बिनपगारी नोकरी म्हणजे मिस्त्री काय म्हणतायत ते जगाला सांगणं. मिस्त्रींना भूक लागली की ते घड्याळाकडे बघत, झोप आली की दाराकडे, आणि भाऊजी फार बोलायला लागले की दोन्हीकडे. दुकानात पँट घालून ते आरशासमोर उभे राहिले की दुकानदार आरशाकडे न बघता वहिनींकडे बघायचा. "कमरेत घट्ट होतेय त्यांना," वहिनी सांगत. मिस्त्री मान हलवत. इतकी वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं, की चुकू शकतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

रुग्णालयात मिस्त्रींना चौथ्या मजल्यावर ठेवलं. नातेवाइकांना वर मज्जाव. त्यांच्यासाठी तळमजल्यावर एक लांबलचक हॉल होता, त्यात एकमेकींना पाय बांधलेल्या खुर्च्या होत्या आणि भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. रुग्णवाहिकेचं दार लागलं तेव्हापासून वहिनींच्या आत काहीतरी बंद पडलं होतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. त्या जेवत, डेपोत जात, लोकांच्या छत्र्या परत करत, आणि हे सगळं दुसरं कुणीतरी बरं करतंय असं त्यांना वाटे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं. या आजारात रक्त गोठतं, गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात जाऊन बसतात. म्हणून पोटावर सुई टोचून रक्त पातळ ठेवायचं. शिवाय माणसाला पालथं झोपवायचं म्हणजे छातीत हवा जास्त जाते.

"पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं," भाऊजी बाहेर आल्यावर म्हणाले, "पालथ्या माणसात हवा पहिल्यांदाच बघतोय. आणि दादाचं रक्त पातळ? कुणी त्याच्या पान्ह्याला हात लावला तर त्याचं रक्त उकळायचं, वहिनी. पातळ कधी झालं नाही."

"आता होईल," वहिनी म्हणाल्या.

आणि गुण येत गेला. हवा देणाऱ्या यंत्राचा जोर रोज थोडा कमी करता येऊ लागला. वॉर्डातून फोन आला की भाऊजी पहिला प्रश्न विचारत, "आकडा किती?" आकडा म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचा. तो चढला की भाऊजी हॉलभर सांगत सुटायचे, ओळख असो-नसो. सगळ्यांचे डोळे त्या एका आकड्याला लागले होते. मिस्त्रींना बाकीचंही अंग आहे हे सगळे जरा विसरूनच गेले होते.

दुपारी सिस्टर व्हिडिओ कॉल लावून द्यायची. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला असे, त्यामुळे मिस्त्री काचेच्या टाकीत ठेवल्यासारखे दिसत. त्या दुपारी ते उताणे होते. तोंडावर मास्क, मागे यंत्राची घरघर. चेहरा आदल्या दिवशीपेक्षा बरा होता.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आकडा छान आलाय म्हणे."

मिस्त्रींनी डोळे मिटून उघडले. मग त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर त्यांनी मास्क जरासा उचलला आणि एक शब्द बोलले.

"कळ."

सिस्टर लगेच वाकली. "कळ येतेय? कुठे काका? छातीत?"

मिस्त्रींनी मान नाही म्हणून हलवली. बोलायला पुन्हा मास्क उचलावा लागला असता, आणि मास्क उचलला की दम लागायचा. त्यांनी पिशवीतल्या फोनकडे पाहिलं. म्हणजे वहिनींकडे पाहिलं.

"अहो सिस्टर, तसं नाही," वहिनी म्हणाल्या. "ते बटणाला कळ म्हणतात. पलंग वर-खाली करायचं बटण असेल ना, ते हवंय त्यांना."

"अय्या, असं होय!" सिस्टर हसली. "मी घाबरलेच. घ्या काका, ही तुमची कळ."

तिने पलंगाला लटकवलेलं बटणांचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते थोडा वेळ नुसतं धरून ठेवलं. मग अंगठ्याने एक बटण दाबलं. पलंगाचा मधला भाग हळूहळू वर आला, त्याबरोबर मिस्त्रींचा गुडघा वर आला, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. सगळ्यांनी पाहिलं. आठी गेली म्हणजे गेलीच.

"बघा!" वहिनींच्या खांद्यावरून डोकावत भाऊजी म्हणाले. "दादा मोटर तपासतोय. आता बरा झाला समजा!"

मिस्त्रींनी हात हलवला. 'जाऊ दे' असा. वहिनींनी त्याचं भाषांतर केलं, "ठेवा आता म्हणतायत, दमले." फोन बंद झाला. भाऊजींनी कॉल चालू असतानाच फोटो काढून घेतला होता, तो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि वॉर्डातल्या सिस्टरलाही. खाली लिहिलं, 'दादा गुडघा वर करून आरामात.' घराण्यात आजवर कुणाच्या लग्नाच्या फोटोलाही इतके अंगठे आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी डेपोत जायला निघाल्या होत्या, तेवढ्यात फोन आला. लगेच या. कशासाठी ते फोनवर सांगितलं नाही, आणि वहिनींनी विचारलं नाही. भाऊजी गाडी घेऊन आले. गाडी शिकवणीची होती, त्यामुळे वहिनींच्या पायाशीही एक ब्रेक होता. वाटेत भाऊजी दोनदा लाल दिवा तोडायला निघाले, तेव्हा दोन्ही वेळा वहिनींनीच ब्रेक दाबला.

डॉक्टरांनी त्यांना हॉलशेजारच्या छोट्या खोलीत घेतलं. खोलीत वजनकाटा होता, एक टेबल आणि दोनच खुर्च्या. डॉक्टर तरुण बाई होत्या. मास्कने गालांवर वळ उठले होते. खुर्च्या त्यांनी या दोघांना दिल्या आणि आपण वजनकाट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"पहाटेपासून त्यांचा रक्तदाब उतरत गेला," त्या म्हणाल्या. "अंगातलं रक्त कमी झालंय. बाहेर कुठे गेलेलं नाही, आतच साठलंय."

"पोटात?" भाऊजींनी विचारलं.

"पोटाच्या मागे. कमरेच्या मणक्यापासून मांडीपर्यंत एक जाड स्नायू जातो, पाय उचलायचं काम करणारा. त्या स्नायूत रक्तस्राव झालाय. डाव्या बाजूला."

"पण तो पडला-बिडला नाही ना? पलंगावरच होता."

"पडायला लागत नाही. हा विषाणू रक्तवाहिन्यांचं अस्तर कच्चं करतो. त्यात रक्त आपण पातळ केलेलं. त्यात दिवसभर खोकला. तिन्ही एकत्र आलं की क्वचित असं होतं."

"क्वचित म्हणजे?"

"मी दुसऱ्यांदा बघतेय."

"घ्या," भाऊजी म्हणाले. "आयुष्यात कधी सोडतीत नंबर लागला नाही दादाचा." कुणी हसलं नाही. हसण्यासाठी म्हटलंही नव्हतं. भाऊजींच्या तोंडाला सवय होती, ते आपोआप चालू झालं होतं.

डॉक्टरांनी पुढचं भराभर सांगितलं. एक मार्ग असा, की मांडीतून बारीक नळी घालून फुटलेली वाहिनी आतून बंद करायची. ती सोय पलीकडच्या इमारतीत होती. तिथे न्यायचं तर माणसाला सपाट झोपवून, यंत्र बदलून न्यावं लागणार, आणि फुप्फुसं अजून तितकी तयार नव्हती. वाटेतच दगा होऊ शकला असता. दुसरा मार्ग असा, की पातळ करायचं औषध बंद करायचं, त्याचा उतारा द्यायचा, वरून रक्त चढवायचं आणि स्नायू साठलेल्या रक्ताला आपल्या आपण दाबून धरतो का ते बघत बसायचं.

"मग बघत बसू या," भाऊजी म्हणाले.

"रक्त जोरात वाहत असेल तर बघत बसण्यात माणूस हातचा जाईल."

"आणि पातळ करायचं औषध बंद केलं तर त्या गुठळ्या..."

"होऊ शकतात."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून मला वेग कळायला हवा. पोटाचा फोटो इथल्याच मशीनवर काढलाय, पण त्यांच्या किडन्या दमल्यात, म्हणून फोटोआधी टोचायचं रंगाचं औषध देता आलं नाही. साठलेलं दिसतंय, अजून वाहतंय का ते दिसत नाही. बोलायच्या अवस्थेत ते आता नाहीत. दुखायला आज पहाटे लागलं असेल आणि एवढ्यात इतकं साठलं असेल, तर वेग भयंकर आहे, मला त्यांना न्यावंच लागेल. कालपासून हळूहळू साठत आलं असेल तर थांबता येईल. ते काल काही म्हणाले होते का? कंबर, जांघ, मांडी? वॉर्डात विचारलं मी. तक्रार काही नव्हती म्हणाले. गुडघा वर करून आरामात होते."

गुडघा वर करून आरामात. ते वाक्य खालून वर गेलं होतं आणि चौथ्या मजल्यावरून डॉक्टरांच्या तोंडून परत खाली आलं होतं. भाऊजींनी मान खाली घातली.

"गुडघा वर केला तर काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"स्नायू सैल पडतो. दुखणं कमी होतं. या रक्तस्रावात पाय सरळ ठेवताच येत नाही. का?"

वहिनींच्या खिडकीवर एक नियम होता, आणि नव्या कारकुनांना तो वहिनीच शिकवत. वस्तूचं वर्णन आपण करायचं नाही, समोरच्याला करू द्यायचं. 'तुमची छत्री काळी होती का?' असं विचारलं की सगळ्यांच्या छत्र्या काळ्या होतात. समोरचा अडखळला तर अडखळू द्यायचं. आपण तोंड मिटून बसायचं, वेळ गेला तरी चालेल. हा नियम वहिनींनी परक्या माणसांच्या छत्र्यांसाठी नोकरीभर पाळला होता.

"काल दुपारी," त्या म्हणाल्या. "काल दुपारच्या कॉलवर ते म्हणाले होते. सिस्टरला बरोबर कळलं होतं. मी तिला चुकीचं सांगितलं."

"वहिनी, काहीतरी काय!" भाऊजी ताडकन उठले. "तो बटण मागत होता. डॉक्टर, आमचा दादा बटणाला कळ म्हणतो. आजवर एकदाही बटण म्हणाला नाही. विचारा कुणालाही. कळ म्हणजे बटणच."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय शब्द वापरला त्यांनी?"

"कळ."

"आणि तुम्ही त्याचा अर्थ बटण घेतलात."

"घरात तोच अर्थ असतो," भाऊजी म्हणाले.

"बरं. मग दुखण्याला ते काय म्हणतात?"

भाऊजींनी तोंड उघडलं. मग वहिनींकडे पाहिलं. वहिनी टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. एकदा लिफ्टच्या दारात मिस्त्रींची दोन बोटं चिमटली होती, नखं काळी पडली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "जरा पक्कड दे." दाढ काढून आले तेव्हा म्हणाले होते, "दिवा मालव." मूतखडा झाला होता तेव्हा काही म्हणाले नव्हते, घरभर चालले होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचे सगळे शब्द वहिनींना पाठ होते. दुखण्याचा शब्द तेवढा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, आणि ऐकला नाही हे कधी लक्षातही आलं नव्हतं.

"काही म्हणत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे काल म्हणाले ते दुखण्याबद्दलच, अशी तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही. खात्री काल होती."

डॉक्टरांनी वजनकाट्यावरून अंग काढलं. "मला आणखी काही सांगता येईल? अंदाज नको. दिसलं तेवढंच."

वहिनींनी दिसलं तेवढंच सांगितलं, खिडकीवर लोकांना सांगायला लावत तसं. खोकला आला तेव्हा त्यांचा हात छातीवर गेला नाही, मांडीच्या वर गेला. डावा हात, डावी बाजू. सिस्टरने बटणांचं यंत्र दिलं, ते त्यांनी आधी नुसतंच धरलं. पलंगाचं बटण मिळालं की माणूस पहिल्यांदा डोक्याकडची बाजू वर करून बघतो. त्यांनी गुडघ्याकडची केली. गुडघा वर आला तेव्हा कपाळावरची आठी गेली. आठी होती हे ती गेल्यावर कळलं. सामानाची यादी वाचून दाखवावी तसा वहिनींचा आवाज सपाट होता. त्या दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल सांगत असाव्यात असं भाऊजींना वाटलं.

"सकाळच्या कॉलला हे नव्हतं?"

"सकाळी कॉल नसतो. परवा दुपारी पाय सरळ होते."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे काल दुपारपासून तरी आहे. तासातासाने हळू. आपण थांबू. औषध बंद करते, उतारा देते, रक्त लावते. दाब पुन्हा उतरला तर मी विचारायला येणार नाही, सरळ घेऊन जाईन." दारापाशी त्या थांबल्या. आता त्या काही समजुतीचं बोलतील असं भाऊजींना वाटलं. "हे सांगितलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या, "पण काल कळलं असतं तर जास्त बरं झालं असतं." आणि गेल्या.

हॉलमध्ये दोघं बसले. खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे भाऊजी पाय हलवत होते तर वहिनीही हलत होत्या.

"कशाला सांगितलंत?" भाऊजी शेवटी म्हणाले. "मी म्हणतच होतो ना, बटण म्हणून. चाललं असतं."

"नसतं चाललं."

"आणि आता डॉक्टर थांबल्या आणि दादाचं काही बरंवाईट झालं, तर? तुमच्या शब्दावर थांबल्यात त्या."

"माहितीये मला."

"माहितीये म्हणे! तुम्हाला काही वाटतं की नाही, वहिनी?"

वहिनींनी खरंच थोडा विचार केला. "वाटायला हवं," त्या म्हणाल्या. "शोधतेय."

भाऊजी रक्त द्यायला गेले. माझं रक्त घट्ट आहे, दादाला बरं पडेल, असं त्यांनी तिथे सांगितलं. तिथल्या बाईंनी त्यांचं रक्त घेतलं, एक बिस्कीट दिलं, आणि हे रक्त तुमच्या भावालाच जाईल असं नाही, असं समजावलं. भाऊजी परत आले ते रागावूनच. माझं रक्त भलत्याच माणसाला, आणि दादाला भलत्याच माणसाचं, याला काय अर्थ आहे! मग ते बिस्कीट त्यांनी अर्धं मोडून वहिनींना दिलं.

टीव्हीवर एक माणूस केकवर साखरेची फुलं काढत होता. आवाज नव्हता. वहिनींनी तो कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. आता कुणी विचारलं असतं तर त्यांना साखरेचं फूल काढता आलं असतं. दुपारची कॉलची वेळ झाली आणि गेली. वरून कुणी काही कळवलं नाही. भाऊजी प्रत्येक वेळी दार उघडलं की उभे राहत, आणि खुर्च्यांची अख्खी ओळ करकरत असे. नातेवाइकांचे फोन येत होते. कालचा फोटो बघून खुशालीचे. भाऊजी फोन उचलत, "हो हो, ठीक ठीक" म्हणत आणि ठेवून देत.

ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं तेव्हा डॉक्टर आल्या. पुन्हा खोलीत नेलं नाही, उभ्या उभ्याच बोलल्या. दाब स्थिर आहे. चढवलेलं रक्त टिकतंय. अजून काही सांगता येत नाही, पण आत्ता तरी जागेवरच आहे.

"म्हणजे चांगलं?" भाऊजींनी विचारलं.

"म्हणजे वाईट नाही."

भाऊजींनी डॉक्टरांचे हात धरायला हात पुढे केले, मग साथ आठवून मागे घेतले आणि स्वतःचेच एकमेकांत धरले. वहिनी म्हणाल्या, "बरं." आणि पर्स उचलली.

थांबणं लागू पडलं. स्नायूने रक्त दाबून धरलं. गुठळीने यायचं ठरवलं असेल तर तिचा बेत बदलला. काही दिवसांनी पातळ करायचं औषध अगदी बेताने पुन्हा सुरू केलं, तेव्हा डॉक्टर स्वतः रोज मांडीचा घेर मोजून बघत. मिस्त्रींच्या तोंडावरचा मास्क जाऊन नाकात नळ्या आल्या, आणि त्यांना खालच्या मजल्यावरच्या साध्या वॉर्डात हलवलं. तिथे एका नातेवाइकाला बसायची परवानगी होती.

पाय मात्र मागे राहिला. साठलेल्या रक्ताने शेजारची एक नस चेपली होती. मांडीची पुढची बाजू बधिर झाली होती आणि गुडघा सरळ होत नव्हता. येईल, पण वेळ लागेल, कदाचित पुरता येणार नाही. आणखी एक दिवस आधी कळलं असतं तर, असं कुणी म्हटलं नाही. वहिनींनीच ते आपल्यापाशी म्हटलं, एकदा, आणि ते जिथे पडलं तिथे त्याचा आवाज झाला नाही.

पहिल्या दुपारी वॉर्डात दोघंच असताना त्यांनी मिस्त्रींना सगळं सांगितलं. काय शब्द म्हणालात, सिस्टरने त्याचा काय अर्थ घेतला, आपण काय सांगितलं, मग डॉक्टरांना काय सांगितलं. मधे थांबल्या नाहीत. मिस्त्री छताकडे बघत ऐकत होते.

"तुम्हाला दुखतच होतं ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

मिस्त्रींनी नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाले, "वरच्या पलंगाची मोटर चांगली होती. आवाज नाही करत."

"अहो, मी काय विचारतेय?"

मिस्त्रींनी दाराकडे पाहिलं, म्हणजे त्यांना झोप आली होती.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणारा माणूस आला. धिप्पाड आणि हसतमुख होता. सगळ्या पेशंटना 'साहेब' म्हणायचा, म्हणजे नावं लक्षात ठेवावी लागत नसत. त्याने आधी कापूस घेऊन मिस्त्रींच्या मांडीवरून फिरवला. "कळतंय का साहेब?" मिस्त्रींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे ठरेना, तेव्हा त्याने सवयीने वहिनींकडे पाहिलं. सगळे तसंच करत.

वहिनी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या.

त्याने डावी टाच हातात घेतली, दुसरा हात गुडघ्याखाली घातला आणि पाय हळूहळू सरळ करायला लागला. मिस्त्रींच्या मानेची शीर ताठ झाली. ओठ आत गेले.

"दुखतंय का साहेब?"

मिस्त्रींनी वहिनींकडे पाहिलं.

"काकू, दुखतंय का त्यांना? की ओढू अजून जरा?"

वहिनींना दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. शब्द त्यांच्या ओठांवर येऊन उभा होता, तो त्यांनी तिथेच धरून ठेवला. "त्यांना विचारा," त्या म्हणाल्या.

"ते बोलत नाहीत ना."

"मग थांबा."

तो माणूस पाय हातात धरून थांबला. मिस्त्री अजून वहिनींकडेच बघत होते, दुकानातल्या आरशासमोर उभे राहून बघत तसे. वहिनी सलाईनच्या बाटलीकडे बघू लागल्या. बाटलीत एक थेंब तयार होत होता, लोंबत होता, पडत होता. बाजूच्या पलंगावरचे आजोबा आपला खोकला आवरून ऐकू लागले. व्यायामवाल्याचे हात भरून आले असावेत, त्याने पवित्रा बदलला. वहिनींनी मान वळवली नाही.

"दुखतंय," मिस्त्री म्हणाले.

"कुठे साहेब?"

"जांघेत. आत." त्यांनी श्वास घेतला. बोलायला नव्याने शिकत असल्यासारखं एकेक शब्द ठेवत ते म्हणाले, "फार दुखतंय. खाली ठेव."

त्याने पाय ताबडतोब खाली ठेवला, गुडघ्याखाली उशी सरकवली. "असं सांगायचं हो साहेब, नाहीतर आम्ही ओढतच बसतो!" मिस्त्रींनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला होता. वहिनींनी तो पुसला आणि त्या वॉर्डाबाहेर आल्या.

बाहेर भाऊजी आपली पाळी यायची वाट बघत बाकावर बसले होते. वहिनींचा चेहरा बघून ते उभे राहिले. "काय झालं?"

"त्यांना दुखतंय."

"कुणी सांगितलं? डॉक्टरांनी?"

"त्यांनीच."

"दादाने?" भाऊजी बघत राहिले. "दुखतंय म्हणाला? असाच शब्द?"

"फार दुखतंय, म्हणाले."

भाऊजींनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, आणि तोंड तसंच राहिलं. मग ते भिंतीकडे वळले, कपाळ भिंतीला टेकवलं आणि भर दिवसा, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, खांदे गदगदवत रडायला लागले. त्यांची पिशवी खांद्यावरून घसरली, ती वहिनींनी वरच्या वर धरली. त्या ती धरून शेजारी उभ्या राहिल्या. आपल्यालाही रडू येतंय का ते त्यांनी थोडा वेळ थांबून पाहिलं. नाही आलं. मग त्यांनी पिशवी भाऊजींच्या खांद्यावर परत अडकवली आणि आत गेल्या. उजव्या पायाचा व्यायाम राहिला होता.